लोखंडी इमारतीचे आयुष्य किती?

ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे निघाले, की कशेळीची खाडी ओलांडल्यावर काल्हेर, मग पूर्णा, राहनाळ आणि पुढे अंजूरफाटा अशी गावे एकापाठोपाठ लागतात. पूर्वी हा सगळा भातशेतीचा आणि खाडीकाठच्या खाजणांचा मुलूख होता. आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर पत्र्याची उतरती छपरे दिसतात. औषधांपासून टायरांपर्यंत आणि कागदापासून दूरचित्रवाणी संचांपर्यंत मुंबईला लागणारा बराचसा माल या छपरांखाली थोडा वेळ विसावतो आणि पुढे जातो. मेट्रो ५ च्या आराखड्यातही पूर्णा हे एक स्थानक आहे.

येणाऱ्याजाणाऱ्याला या गोदामांत पाहण्यासारखे काही वाटत नाही. धातूंचा अभ्यास करणाऱ्या आम्हां मंडळींना मात्र ती एक मोठी खाण वाटते. जमिनीखालची नव्हे, जमिनीवर उभी असलेली! हे पोलाद आज छप्पर पेलते आहे. उद्या गोदाम जुने झाले, तर त्याचे काय होणार? वितळणार, गंजणार, की दुसरीकडे पुन्हा उभे राहणार? लोखंडी बांधकामाचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर या प्रश्नाचे उत्तर धातूच्या गुणधर्मांपेक्षा माणसांच्या सवयींवर अधिक अवलंबून असते, असे दिसते. हा इतिहास थोडक्यात पाहू.

गोदामात असते तरी काय?

आजचे नवे गोदाम जागेवर ‘बांधत’ नाहीत, ते ‘जुळवतात’. पोलादाचे सपाट पत्रे कारखान्यात कापून, वेल्डिंगने जोडून इंग्रजी ‘आय’ अक्षराच्या आकाराचे कॉलम आणि राफ्टर तयार होतात. प्रत्येक भागावर क्रमांक घालतात. ट्रकने हे भाग जागेवर येतात आणि क्रेनने उचलून उच्च ताणबलाच्या बोल्टांनी एकमेकांना जोडले जातात. राफ्टरवर झेड आकाराच्या पातळ पर्लिन, त्यांवर जस्त आणि ॲल्युमिनिअम यांचा लेप दिलेले पत्रे. यालाच व्यवसायात ‘प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग’ किंवा नुसते ‘पीईबी’ म्हणतात.

या सांगाड्याकडे नीट पाहिले, तर कॉलम पायाशी निमुळता आणि वर रुंद दिसतो. राफ्टरही कॉलमजवळ जाड असतो. यात शोभेचा भाग नाही. छपराच्या वजनाने आणि वाऱ्याच्या दाबाने सांगाडा वाकू पाहतो. हा वाकवणारा जोर कॉलम व राफ्टर यांच्या सांध्यात सर्वांत जास्त असतो. जिथे जोर जास्त तिथे धातू जास्त आणि जिथे कमी तिथे कमी, असा हा हिशेब आहे. त्यामुळे पोलादाची बचत होते.

तरीही एकूण पोलाद थोडके नसते. दर चौरस मीटरला ३० किलोग्रॅम पोलाद धरले, तर १०,००० चौरस मीटरच्या गोदामात ३०० टन पोलाद असेल. भारतात एक टन पोलाद तयार होताना सरासरीने सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका गोदामाच्या सांगाड्यामागे सुमारे ७५० टन कार्बन डायऑक्साइड! जगातील सरासरी याहून कमी, टनामागे दोन टनांच्या आतबाहेर आहे. आपल्याकडे कोळशावरच्या भट्ट्यांचे प्रमाण मोठे असल्याने आपला आकडा वर जातो.

लोखंड जन्मताना

हा वायू येतो कोठून? नुसते भट्टी तापवण्यातून येतो, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. निसर्गात लोखंड मुख्यतः ऑक्सिजनशी जखडलेल्या रूपात, म्हणजे ऑक्साइडच्या रूपात मिळते. ऑक्सिजनला लोखंडापासून सोडवायचे, तर त्याला दुसरा जोडीदार द्यावा लागतो. तो जोडीदार म्हणजे कार्बन. या क्रियेला आपण क्षपण म्हणतो. हेमॅटाइटच्या १६० ग्रॅममधून ११२ ग्रॅम लोखंड मिळते आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडच्या द्वारे १३२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे एक टन लोखंडामागे सुमारे १.१८ टन वायू हा रसायनशास्त्राचाच हिशेब आहे. भट्टी कितीही काटकसरीने चालवली, तरी कोळसा वापरून खनिजापासून लोखंड काढताना हा वायू टळत नाही.

ही किंमत आपले पूर्वजही मोजत होते, पण वेगळ्या चलनात. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे शां. भा. देव आणि अरविंद जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० या काळात केलेल्या उत्खननात महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी उघडकीस आली. आजपासून अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी विदर्भातील लोक धातुमळी वेगळी करून लोखंड मिळवत होते. त्यांचा कार्बन लोणारी कोळशातून, म्हणजे झाडांतून येई. लोखंड हवे तर जंगल तोडा, असा तो व्यवहार होता. इंग्लंडमध्ये लोखंडाची मागणी वाढली, तेव्हा लाकूड पुरेनासे झाले. १७०९ मध्ये अब्राहम डार्बीने कोलब्रुकडेल येथे दगडी कोळशापासून केलेला कोक भट्टीत वापरला आणि लोखंडाची जंगलाशी बांधलेली गाठ सुटली. ती कोळशाच्या खाणीशी पक्की बांधली गेली.

महाराष्ट्रातही हाच प्रश्न उभा राहिला होता. १८८२ मध्ये फॉन श्वार्ट्झ या जर्मन भूवैज्ञानिकाचा चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर भागातील लोहखनिजावरचा अहवाल जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे खनिज उत्तम होते. जवळ वरोऱ्याला कोळसाही होता. पण हा कोळसा या कामाला योग्य नाही असे चाचण्यांत ठरले आणि बेत मागे पडला. पुढे साकची येथे, आजच्या जमशेदपूरला, कारखाना उभा राहिला आणि १९१२ मध्ये तेथे पोलाद तयार झाले. तेव्हा लोखंड मिळणे म्हणजे नुसते खनिज मिळणे नव्हे. खनिज, कार्बन आणि जमीन या तिन्हींची किंमत त्यात असते. आज गडचिरोली जिल्ह्यात सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघते, तेव्हाही जंगल आणि खाण यांचा जुनाच हिशेब नव्याने मांडावा लागतो.

बोल्टांनी जोडलेला राजवाडा

लोखंडाची किंमत इतकी जबर असेल, तर एकदा मिळालेले लोखंड शक्य तितके दिवस वापरात ठेवणे हे शहाणपणाचे. इमारतींच्या बाबतीत हे करून दाखवणारे पहिले मोठे उदाहरण म्हणजे लंडनचा क्रिस्टल पॅलेस. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टनने हाइड पार्कमध्ये काच आणि लोखंड यांची ही प्रचंड इमारत उभी केली. तिची लांबी ५६० मीटरहून अधिक होती. खांब आणि तुळया ठरावीक मापांच्या होत्या. त्या कारखान्यांत ओतून, आणून, जागेवर जुळवल्या गेल्या.

प्रदर्शन संपले. इमारत हलवायची ठरली. ती पाडली गेली नाही, उघडली गेली. तिचे भाग सिडनहॅम येथे नेऊन काही फेरफार करून पुन्हा जुळवले आणि १८५४ मध्ये ती नव्या जागी लोकांना खुली झाली. एकाच मापाचे भाग वारंवार वापरले असल्यामुळे हे शक्य झाले. पुढे १९३६ मध्ये आगीत ती नष्ट झाली. लोखंड जळत नाही, पण उष्णतेने दुबळे होते. साध्या बांधकामाच्या पोलादाची ताकद ५५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास निम्म्यावर येते. पूर्णा परिसरातील गोदामांना आगी लागल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. अशा आगीत सांगाडा वेडावाकडा होऊन बसतो, तो याच कारणाने. त्या पोलादाला मग वितळण्यावाचून वाट उरत नाही. आत काम करणाऱ्या हमालांचा आणि कामगारांचा जीव ही पहिली गोष्ट आहेच. पण आगीपासून बचाव हा पर्यावरणाच्या हिशेबातही मोडतो, हे सहसा लक्षात येत नाही.

डर्बीहून मुंबईला

क्रिस्टल पॅलेसच्या आराखड्यांवर काम केलेला रोलंड मेसन ऑर्डिश हा अभियंता पुढे मुंबईशी जोडला गेला. जॉन वॉटसन या कापड व्यापाऱ्यासाठी त्याने एका इमारतीचा लोखंडी सांगाडा रचला. सांगाड्याचे भाग इंग्लंडमध्ये डर्बी येथील फिनिक्स फाउंड्रीत तयार झाले, जहाजाने मुंबईला आले आणि १८६७ ते १८६९ या काळात फोर्ट भागात, काळा घोड्याजवळ जुळवले गेले. हेच वॉटसन हॉटेल. १८९६ च्या ७ जुलैला ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ याच इमारतीत झाला. पुढे ती एस्प्लनेड मॅन्शन या नावाने ओळखली जाऊ लागली. बिडाच्या सांगाड्याच्या आणि आजही उभ्या असलेल्या बहुमजली इमारतींत ती भारतातील सर्वांत जुनी मानली जाते.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बनचे प्रमाण जास्त असते. ते दाब उत्तम सोसते, पण ताण पडला की तडकते. हेन्री बेसेमरने स्वस्त पोलाद करण्याची पद्धत १८५६ मध्येच मांडली होती. परंतु इमारतींसाठी पोलाद सर्रास वापरले जायला अजून अवकाश होता. त्यामुळे त्या काळात दाब घेणाऱ्या खांबांना बीड आणि ताण घेणाऱ्या भागांना घडीव लोखंड अशी वाटणी असे.

आता पूर्णा येथील गोदाम आणि काळा घोड्याची ही इमारत शेजारी ठेवून पाहा. दोन्हींचे भाग दूरच्या कारखान्यात तयार झाले आणि दोन्ही जागेवर जुळवल्या गेल्या. दीडशे वर्षांचे अंतर सोडले, तर कल्पना एकच आहे. वॉटसनच्या इमारतीची गोष्ट म्हणूनच आपल्याला उपयोगी पडते.

ही इमारत उघडून दुसरीकडे नेता आली असती की नाही, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. तिच्यात खोल्यांवर खोल्या पाडल्या गेल्या, कार्यालये आली, पावसाचे पाणी मुरत राहिले आणि लोखंड भिंतींआड दिसेनासे झाले. जे दिसत नाही त्याला रंग कोण लावणार? २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळून एकाचा बळी गेला. त्याच सुमारास जगातील धोक्यात असलेल्या १०० वारसास्थळांच्या यादीत तिचे नाव आले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने इमारत रिकामी करण्यात आली. मुंबईच्या आयआयटीने दिलेला अहवाल ती पाडावी असा होता. वारसा जपणाऱ्या तज्ज्ञांचे मत ती दुरुस्त होऊ शकते असे पडले.

येथे धातूने दगा दिला असे म्हणता येत नाही. लोखंड गंजते हे सर्वांना ठाऊक आहे. गंजण्यासाठी पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात आणि खाऱ्या हवेत ही क्रिया वेगाने होते, हे आपण आठवी-नववीत शिकवतोच. म्हणून लोखंडाचे वय मोजताना त्याची देखभाल किती वर्षे झाली, हेही मोजावे लागते.

मोडीवर उभे राहिलेले शहर

आता पुन्हा भिवंडीकडे येऊ. जुन्या लोखंडाचा वापर या शहराला नवा नाही. भिवंडीचे नाव यंत्रमागांसाठी प्रसिद्ध झाले. त्यांतले कितीतरी माग मुंबईच्या कापड गिरण्यांनी मोडीत काढलेले होते. गिरणीला जे निरुपयोगी झाले, ते भिवंडीच्या विणकराने विकत घेतले, दुरुस्त केले आणि वर्षानुवर्षे चालवले. बिडाच्या या चौकटींनी हजारो घरांची चूल पेटती ठेवली. पुढे मागांचा धंदा बसत गेला, तेव्हा अनेकांनी तेच माग किलोच्या भावाने भंगारात विकले. एकच यंत्र मुंबईत जुने, भिवंडीत नवे आणि शेवटी भंगार! वस्तू केव्हा निरुपयोगी होते, हे तिच्या झिजेपेक्षा बाजार अधिक ठरवतो.

गोदामांचा जन्मही बाजाराच्या एका नियमातून झाला. मुंबई शहरात माल आणताना जकात भरावी लागे. म्हणून व्यापारी आपला माल हद्दीबाहेर, पण जवळच ठेवत आणि लागेल तेवढाच आत आणत. ठाण्याची खाडी ओलांडली की पूर्णा, काल्हेर, वळ, दापोडे, माणकोली ही ग्रामपंचायतींची गावे या कामाला सोयीची होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. गोदामे उठतील असे काहींना वाटले. झाले उलटेच. निरनिराळ्या राज्यांत करासाठी छोटी छोटी कोठारे ठेवण्याची गरज संपल्याने कंपन्यांना आता मोठी आणि उंच गोदामे हवी होती. फळ्यांचे उंच मजले, त्यांवर माल ठेवणारी वाहने, यांसाठी १२ मीटरच्या आसपास उंचीची मागणी होऊ लागली.

मुद्दा येथेच आहे. यामुळे कमी उंचीचे जुने गाळे धातूच्या दृष्टीने धडधाकट असूनही धंद्याच्या दृष्टीने म्हातारे झाले. पोलादी सांगाडा ५० वर्षे सहज उभा राहू शकतो. पण गोदामाचे व्यापारी आयुष्य त्याच्या निम्मेही असेल अशी खात्री देता येत नाही. मग उरलेल्या वर्षांचे काय करायचे?

भंगाराचे गुण आणि मर्यादा

‘त्यात काय, वितळवून पुन्हा वापरू’, असे सहज उत्तर मिळते. ते चुकीचे नाही. पोलाद हा पुन्हा पुन्हा वितळवता येणारा पदार्थ आहे आणि महाराष्ट्रात याची परंपरा आहे. अलंगचा किनारा १९८३ मध्ये सुरू होण्यापूर्वी मुंबईचे दारूखाना हे जहाजे तोडण्याचे मोठे ठिकाण होते. आपली पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ १९६१ मध्ये नौदलात आली, १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे तरंगते संग्रहालय म्हणून राहिली आणि शेवटी २०१४ मध्ये दारूखान्यातच तोडली गेली. तिच्यातील थोडा धातू बजाज कंपनीने २०१६ मध्ये आणलेल्या ‘व्ही’ या मोटारसायकलीत वापरला. जालन्याच्या प्रवर्तन भट्ट्याही भंगार आणि स्पाँज लोह वितळवून बांधकामाच्या सळया करतात.

वितळवण्याचा फायदा आकड्यांत पाहू. खनिजातील लोखंडापासून ऑक्सिजन सोडवायला टनामागे किमान ७४० कोटी ज्यूल ऊर्जा लागते. तयार लोखंड तापवून वितळवायला मात्र सुमारे १४० कोटी ज्यूल पुरतात. पाचपटीहून अधिक फरक! प्रत्यक्षात भट्टीतून उष्णता वाया जाते, म्हणून प्रवर्तन भट्टीला टनामागे ६०० युनिटच्या आसपास वीज लागते असे धरू. आपल्याकडे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे केवळ वितळवण्यासाठी टनामागे ४२० किलोग्रॅम. अडीच टनांच्या तुलनेत हे बरेच कमी आहे, पण शून्य नाही. त्यावर पुन्हा रोलिंग, कापणे, जोडणे आणि वाहतूक आलीच.

दुसरी मर्यादा रासायनिक आहे. भंगारात मोटारीच्या तारांबरोबर तांबे येते. वितळलेल्या पोलादातून कार्बन, सिलिकॉन, फॉस्फरस ऑक्सिडीकरणाने काढता येतात, कारण योग्य परिस्थितीत ते लोखंडाआधी ऑक्सिजनशी संयोग पावतात. तांबे मात्र लोखंडापेक्षा कमी क्रियाशील असल्याने मागेच राहते. क्रियाशीलता श्रेणीचा हा एक जिवंत धडा आहे. तांब्याचे प्रमाण वाढले की गरम पोलाद लाटताना पृष्ठभागाला चिरा पडतात. म्हणून प्रत्येक फेरीत भंगाराची प्रत जपावी लागते किंवा त्यात नवे लोखंड मिसळावे लागते.

तिसरी गोष्ट पुरवठ्याची. आज देशात जेवढे पोलाद लागते, तेवढे भंगार उपलब्धच नाही, कारण आपल्या बहुतेक पोलादी वस्तू अजून तरुण आहेत. केंद्र सरकारने २०१९ मध्ये भंगार पुनर्चक्रीकरणाचे धोरण जाहीर केले. डिसेंबर २०२४ मध्ये ‘हरित पोलादा’ची व्याख्याही ठरवली. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड असेल ते हरित, आणि १.६ टनांच्या आत असेल त्याला पाच तारे. ही सुरुवात चांगली आहे. पण हे तारे पोलाद जन्मताना मिळतात. ते किती वर्षे कामी आले, याला तारे कोणी देत नाही.

उघडण्याचे शास्त्र

म्हणून लोखंडी इमारतीपुढे तीन पायऱ्या आहेत, असे आम्हाला वाटते. पहिली, आहे तिथेच टिकवणे. दुसरी, उघडून दुसरीकडे जुळवणे. तिसरी, वितळवणे. पहिल्या पायरीला रंग आणि देखभाल लागते, दुसरीला क्रेन आणि पाना, तिसरीला भट्टी. आपण मात्र घाईने थेट तिसऱ्या पायरीवर जातो.

पूर्णा येथील बोल्टांनी जोडलेले सांगाडे दुसऱ्या पायरीसाठी सोयीचे आहेत. जुने पूल रिवेटांनी जोडलेले असत. १९४३ मध्ये खुला झालेला हावडा पूल असाच आहे. रिवेट सोडवायचे तर तोडावे लागते. बोल्ट पान्याने सुटतो. मग अडचण काय? एक तर, प्रत्येक गोदामाचे कॉलम त्याच्या मापाने कापलेले असतात. पोलाद वाचवण्यासाठी भाग जितका नेमका घडवावा, तितका तो दुसरीकडे बसवणे कठीण. क्रिस्टल पॅलेसमध्ये याउलट होते. दुसरे, कागदपत्रे हरवतात. कॉलम कोणत्या प्रतीच्या पोलादाचा, किती भारासाठी रचला, हे माहीत नसेल, तर कोणताही जबाबदार अभियंता त्यावर छप्पर ठेवणार नाही. साध्या पोलादाचे पराभवबल २५० मेगापास्कल, तर गोदामांत सर्रास वापरतात त्याचे ३५० च्या आसपास. डोळ्यांनी दोन्ही सारखेच दिसतात.

यावर उपाय आहेत. ब्रिटनमधील स्टील कन्स्ट्रक्शन इन्स्टिट्यूटने २०१९ मध्ये जुन्या पोलादाच्या पुनर्वापराची कार्यपद्धती प्रसिद्ध केली. त्यात सभासदांचे गट पाडणे, मापे घेणे, नमुने कापून ताणचाचणी करणे असे टप्पे आहेत. आगीत सापडलेले किंवा पुलासारखे सतत कमीजास्त भार सोसलेले पोलाद त्यात वर्ज्य आहे. आपल्याकडेही काटकसरीची परंपरा आहे. स्वातंत्र्यानंतर पोलाद दुर्मीळ होते, तेव्हा भारतीय मानक संस्थेने पोलादाच्या बचतीचा कार्यक्रमच हाती घेतला होता. पोलादी बांधकामाची आपली मुख्य संहिता, आयएस ८००, १९५६ मध्ये त्याच काळात आली. तेव्हा परकीय चलन वाचवायचे होते, आज कार्बन वाचवायचा आहे. कारण बदलले, पण पोलाद मोजून वापरण्याची सवय तीच हवी.

गोदाम उभारतानाच सांगाड्याचे आराखडे, पोलादाची प्रमाणपत्रे आणि भागांचे क्रमांक जपून ठेवण्याची अट नियोजन प्राधिकरणाला घालता येईल. दोन कॉलमांतील अंतरे ठरावीक ठेवली, तर एका गोदामाचे राफ्टर दुसऱ्याला बसतील. पुढे उंची वाढवायची झाली, तर कॉलमखाली जोड देता येईल असा पाया रचता येईल. यात अशक्य असे काही नाही. अडचण इतकीच, की गोदाम उभारणारा, भाड्याने घेणारा आणि शेवटी तोडणारा हे तिघे निरनिराळे असतात. आज वाचवलेल्या बोल्टाचा फायदा दुसऱ्यालाच मिळणार असेल, तर तो वाचवायचा कोणी? हा प्रश्न अभियंत्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. तो नियमांचा आणि किमतीचा आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा हिशेब पुरा होत नाही. पोलाद उघडता येते. त्याच्याखाली भराव टाकून बुजवलेले भातखाचर उघडता येत नाही. खाचरात पावसाचे पाणी साठे आणि हळूहळू जिरे. काँक्रीटच्या फरशीवर ते थांबत नाही, शेजारच्या गावात शिरते. एक गोदाम उघडून त्याच्याच जागेवर दुसरे उंच गोदाम उभारले, तर नव्या खाचरावर भराव टाकण्याची गरज तेवढी कमी होते. म्हणून पुनर्वापराचा विचार पोलादापुरता ठेवून चालणार नाही. तो जागेलाही लावावा लागेल.

वर्गात काय करता येईल?

विद्यार्थ्यांना आपल्या शाळेच्या छपराची किंवा व्हरांड्याची नोंद करायला सांगावी. पत्रे केव्हा बसवले? रंग शेवटचा केव्हा दिला? सांधे बोल्टाचे, रिवेटचे की वेल्डिंगचे? कैचीतील अँगलची लांबी, रुंदी आणि जाडी मोजून, पोलादाची घनता ७,८५० किलोग्रॅम प्रति घनमीटर धरून, वजन काढता येते. त्याला अडीचने गुणले, की त्या छपरामागचा कार्बन डायऑक्साइड मिळतो. हा आकडा छप्पर उभे राहिलेल्या वर्षांनी भागावा. छप्पर जितके अधिक वर्षे टिकेल, तितका भागाकार लहान होत जाईल. दहा वर्षांत मोडलेले छप्पर आणि पन्नास वर्षे राखलेले छप्पर यांतला फरक मुलांना या एका भागाकारातून कळेल. शिवाय ही नोंद शाळेच्या कपाटात जपून ठेवली, तर पन्नास वर्षांनी छप्पर उतरवणाऱ्याला ती हाती लागेल. कोणता भाग कशाचा आहे, हे त्याला अंदाजाने ठरवावे लागणार नाही.